२१,६०० वेळा हलणारं हाड

योगाच्या जुन्या परंपरेत माणसाच्या दिवसभरातल्या श्वासांचा एक आकडा सांगतात: २१,६००. मिनिटाला १५, तासाला ९००, आठ प्रहरांचे एकवीस हजार सहाशे. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो असं आजचं वैद्यकशास्त्रही मानतं, म्हणजे जुना हिशेब अजून जागेवर आहे. जपासाठी केलेला तो हिशेब बरगड्यांनाही लागू पडतो. हात मोडला की प्लास्टर घालून गळ्यात अडकवता येतो, पाय मोडला की उशीवर ठेवता येतो. बरगडीला ती सोय नाही. दुखावलेली बरगडी रात्री झोपेतसुद्धा हलतच राहते. छातीच्या भिंतीचं दुखणं इतके दिवस का रेंगाळतं आणि त्याचा उपचार इतर हाडांच्या नेमका उलट का, याचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

छातीच्या दुखण्याला आपल्याकडे गोव्यात शब्द भरपूर आहेत. फोंड्यात, डिचोलीत, सत्तरीत कुणी म्हणतं छातीत कळ आली, कुणी म्हणतं कुशीत चमक मारते, कुणी म्हणतं उसण भरली. शेजारचा कोकणीत सांगतो, हड्ड्यांत दुखता, म्हणजे छातीत. आणि सगळ्यांवरचा रामबाण निष्कर्ष म्हणजे 'गॅस धरला असेल'. यांतल्या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे, बाकीच्या शब्दांना अजिबात नाही. उलट दुखण्याचं क्रियापद नीट ऐकलं तर निम्मी तपासणी तिथेच होते. 'उसण भरली' म्हणणारा माणूस बहुधा वळताना, वाकताना, काही उचलताना अडकलेला असतो आणि श्वास अर्ध्यावर थांबवून बोलत असतो. 'चमक मारते' म्हणजे क्षणभराची, सुईसारखी कळ. 'ओढल्यासारखं होतं' हे स्नायूचं बोलणं. 'जळजळतं' म्हणजे एकतर घशाकडे चढणारं आम्ल, नाहीतर कातडीखालची नस. आणि 'दाबल्यासारखं होतं, कुणी छातीवर बसल्यासारखं वाटतं' असं कुणी म्हणालं, तर पुढचं काही न विचारता उठावं.

म्हणून आधी हृदय. छातीच्या भिंतीबद्दल लिहिताना हे आधी लिहिलं नाही तर बाकीचं लिहूच नये असं मला वाटतं. हृदयाचं दुखणं बहुतेकदा छातीच्या मध्यावर, पसरट, दडपल्यासारखं असतं. ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाऊ शकतं. सोबत घाम, मळमळ, धाप. चढण चढताना किंवा जिना चढताना येतं, थांबल्यावर उतरतं, आणि पुढे पुढे थांबूनही उतरत नाही. कुठं दुखतं असं विचारल्यावर असा माणूस बरेचदा छातीवर मूठ किंवा पंजा ठेवतो. बरगडीवाला एक बोट ठेवतो. हा फरक उपयोगाचा आहे, पण त्याच्यावर जीव टांगू नये. मधुमेही माणसं, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात हृदयविकाराचा झटका नुसता थकवा, धाप किंवा पोटात कसंसंच होणं एवढ्यावरही येऊ शकतो. शिवाय पन्नाशीच्या माणसाची बरगडी दाबल्यावर दुखली म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. एकाच छातीत दोन्ही दुखणी नांदू शकतात.

मध्यावरचं दडपण काही मिनिटांत गेलं नाही, किंवा सोबत घाम आणि धाप असेल, तर १०८ला फोन करावा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नये, आणि रुग्णानं स्वतः गाडी चालवणं तर नाहीच. गोव्यात या बाबतीत एक चांगली सोय आहे. 'स्टेमी-गोवा' योजनेखाली गावाकडच्या सरकारी दवाखान्यात काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातले हृदयरोगतज्ज्ञ पाहतात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिथल्या तिथे देता येतं. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या टोकाच्या माणसाला बांबोळी गाठेपर्यंत थांबावं लागत नाही. पण त्यासाठी त्यानं सोडा पिऊन सकाळची वाट पाहत बसता कामा नये. पहिला ईसीजी ठीक आला तरी ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची तपासणी काही तासांनी पुन्हा करायला सांगतात. तो वेळ द्यावा. 'ईसीजी नॉर्मल आहे ना, मग घरी जातो' असं म्हणू नये.

हृदय बाजूला झालं की खरी गंमत सुरू व्हायला हवी, पण बहुतेक ठिकाणी तिथेच सगळं संपतं. 'हृदयाचं काही नाही' असं सांगून माणसाला घरी पाठवलं जातं. दुखतं ते दुखतंच. ते कशाचं, हे कुणी सांगत नाही, आणि दर चार दिवसांनी भीती परत येते. ज्या दुखण्याला नाव मिळत नाही ते नाव असलेल्या दुखण्यापेक्षा जास्त छळतं. म्हणून बरगड्यांची ओळख करून घेणं मोलाचं आहे.

बरगड्या बारा जोड्या. वरच्या सात स्वतःच्या कूर्चेनं, म्हणजे लवचीक, मऊ हाडानं, छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या. आठवी, नववी, दहावी यांची कूर्चा मधल्या हाडापर्यंत पोचत नाही, ती वरच्या बरगडीच्या कूर्चेला चिकटते. अकरावी आणि बारावी पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत, त्यांची टोकं मांसात मोकळी. श्वास घेताना वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्यासारख्या पुढे आणि वर उचलल्या जातात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उघडतात. दोन बरगड्यांच्या मध्ये स्नायूंचे तीन थर. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक खोबण असते आणि तिच्यात शीर, धमनी आणि नस एकाखाली एक निजलेल्या असतात. छातीतलं पाणी काढताना डॉक्टर सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून का घालतात, त्याचं कारण ही खोबण. ती नस मणक्यापासून निघून कुशीवरून पुढे येते. म्हणून पाठीतल्या बिघाडाची कळ पट्ट्यासारखी वळसा घालून छातीवर उमटते, आणि माणूस पुढचा भाग चोळत बसतो.

मोजणी कुठून करायची? गळ्याच्या खड्ड्यात बोट ठेवा आणि मधल्या हाडावरून सरळ खाली या. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी येऊन मिळते ती दुसरी. तिथून खाली मोजत जायचं. बोटाच्या पेरानं, नखानं नव्हे, मधल्या हाडाच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेरपर्यंत एकेक जागा दाबून पाहायची. बायकांनी स्तन हातानं बाजूला सारून खालची बरगडी दाबावी. तिसऱ्या-चौथ्या बरगडीचं दुखणं स्तनातलं समजून महिनोन् महिने घाबरलेल्या बायका असतात. दुखणं बरगडीचं निघालं तर तो घोर जातो. स्तनात गाठ लागली, त्वचा ओढली गेली किंवा स्तनाग्रातून स्राव आला, तर मात्र ती वेगळी तपासणी, आणि ती लगेच.

दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या या सांध्यांवर दाबल्यावर 'हेच ते' असं रुग्ण म्हणाला, सूज नसेल आणि एकापेक्षा जास्त जागा दुखत असतील, तर त्याला कॉस्टोकाँड्रायटिस म्हणतात, म्हणजे बरगडी आणि कूर्चेच्या सांध्याचा दाह. डाव्या बाजूला झाला की सगळं घर हवालदिल होतं. याची कारणं घरातच असतात. चतुर्थीच्या आधीचे दिवस पाहा. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, सगळ्याला खोबरं. आदोळीवर, म्हणजे खवणी असलेल्या विळीवर, बसून बाई एकामागून एक नारळ खवते. फळी पायाखाली दाबलेली, पाठ पुढे वाकलेली, दोन्ही हातांत वाटी धरून ती दात्यांवर फिरवायची आणि त्याच वेळी पुढे रेटायची. त्या रेट्यासाठी छातीचा मोठा स्नायू प्रत्येक फेरीला आवळतो, आणि त्या स्नायूची मुळं बरगड्यांच्या याच कूर्चांवर रोवलेली आहेत. एक वाटी खवायला अशा फेऱ्या लागतात कितीतरी, आणि नारळ असतात डझनानं. चार दिवसांनी डाव्या बाजूला दुखू लागतं, तेव्हा आदोळीची आठवण कुणालाच नसते. विहिरीतून कळशी ओढणं, भरलेला १४.२ किलोंचा गॅस सिलिंडर सरकवणं, वर्षभर बंद असलेला व्यायाम एकदम सुरू करणं, आणि पंधरा दिवसांचा खोकला, सगळ्यांचा मार्ग हाच.

हे दुखणं आपोआप जातं, पण त्याला आठवडे लागतात, कधी काही महिने. ते परतही येतं. या काळात दुखणारी हालचाल कमी करावी. नारळ उभ्यानं, ओट्यावर बसवलेल्या खवणीवर खवावा किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढे नेण्याचा सावकाश ताण, प्रत्येकी वीस-तीस सेकंद, दिवसातून दोन-तीनदा, दुखण्याच्या अलीकडे थांबून द्यावा. डाय्क्लोफेनॅकचा मलम दिवसातून तीन-चारदा लावल्यानं पोटात घ्यायच्या गोळ्या बरेचदा टळतात.

सूज असेल, एकच सांधा असेल, बहुधा दुसरा किंवा तिसरा, आणि माणूस चाळिशीच्या आतला असेल, तर ते टिट्झ यांच्या नावानं ओळखलं जाणारं दुखणं असू शकतं. जर्मन शल्यविशारद अलेक्झांडर टिट्झ यांनी १९२१ साली ते नोंदवलं. तेही निरुपद्रवी, पण टणक सुजेची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी, कारण तिथे क्वचित जंतुसंसर्ग किंवा गाठही असते. आणि एक वेगळीच 'गाठ' असते. मधल्या हाडाच्या अगदी खालच्या टोकाला चाळिशीच्या सुमाराला अचानक काहीतरी टणक हाताला लागतं. ते हाडाचंच टोक. तरुणपणी कूर्चा असतं, वयाबरोबर कडक होतं, आणि पोट जरा आत गेलं की ठळक लागतं. त्याला रोज दाबून पाहणं थांबवलं की ते दुखायचं थांबतं.

खालच्या बरगड्यांची तऱ्हा निराळी. आठवी ते दहावी यांच्या टोकांचे बंध सैल झाले तर एक टोक वरच्या बरगडीखाली घसरतं, खट् असं जाणवतं आणि मधली नस चिमटीत येते. वाकताना, गाडीतून उतरताना, कुशीवर वळताना. यात पोटाच्या सगळ्या तपासण्या होतात, पित्ताशयाची सोनोग्राफी होते आणि काही सापडत नाही. तपासणारा बरगडीच्या कडेखाली बोटं आकड्यासारखी अडकवून हळूच पुढे ओढतो. त्या ओढीबरोबर तीच कळ आणि तोच खटका आला तर निदान हातात आलं. कुठलंही यंत्र लागत नाही, फक्त कुणाला तरी सुचावं लागतं.

मुलांचं मात्र घाबरवणारं दुखणं सगळ्यांत साधं असतं. शाळकरी मुलगा वाकून बसलेला असतो, एकदम छातीच्या डाव्या बाजूला सुई टोचल्यासारखं होतं, श्वास घेतला तर वाढतं, म्हणून तो दगडासारखा स्तब्ध होतो. काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत, सगळं गायब. एका बोटानं दाखवता येईल एवढीच जागा. याला काहीही करावं लागत नाही. पण खेळताना, धावताना छातीत दुखून चक्कर आली किंवा मूल बेशुद्ध पडलं तर ते हे नव्हे, तिथे हृदय तपासायचंच.

आता मोडलेली बरगडी. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून माणूस कुशीवर आपटतो. स्कूटर घसरते आणि हँडल बरगडीत घुसतं. जूनच्या आधी कौलं चाळायला चढलेला माणूस वाशासकट खाली येतो. नारळ काढणारा पाडेली माडावरून घसरतो. फुटबॉलमध्ये कोपर बसतं. आणि नुसत्या खोकल्यानंही बरगडी मोडते, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. कित्येक आठवडे खोकणाऱ्या, हाडं ठिसूळ झालेल्या किंवा दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या माणसाला एका उबळीबरोबर कुशीत कट् असा आवाज येतो, आणि त्यानंतर प्रत्येक खोकला सुरीसारखा लागतो.

ओळखायची खूण अशी: एका जागी बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं, जे खोल श्वास, खोकला, शिंक, हसणं आणि कूस बदलणं या पाचांनी वाढतं. तपासणारा एक पंजा छातीच्या मधल्या हाडावर आणि दुसरा पाठीवर ठेवून हलकेच दाबतो. दाब पुढून-मागून आणि कळ मात्र कुशीत आली, तर बरगडीला तडा असण्याची शक्यता बळावते. एक्सरेत न दिसणारे तडे भरपूर असतात. 'एक्सरे क्लिअर आहे, काही झालेलं नाही' हे वाक्य म्हणून अन्यायाचं आहे. एक्सरे काढतात तो मुख्यतः फुप्फुस पाहायला, छातीत हवा किंवा रक्त साठलं आहे का ते शोधायला. तडा दिसला काय, न दिसला काय, साध्या तड्याचा उपचार तोच राहतो. मुका मार असो की तडा, दुखणाऱ्याचं दुखणं खरं आहे.

कुठली बरगडी मोडली हेही सांगत असतं. चौथी ते नववी सर्वाधिक मोडतात. नवव्या बरगडीपासून खाली उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा आणि मागे मूत्रपिंडं असतात. डावी खालची बरगडी लागलेल्या माणसाचा डावा खांदा दुखू लागला, खांद्याला मार नसताना, तर ती प्लीहेतून रक्त वाहत असल्याची खूण असू शकते. पहिली बरगडी मोडायला फार मोठा आघात लागतो, म्हणून ती मोडलेली दिसली की डॉक्टर आत आणखी काय दुखावलं ते शोधतात. लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन जागी मोडल्या तर भिंतीचा तेवढा तुकडा सुटा होतो आणि श्वास घेताना बाकीची छाती बाहेर येते तेव्हा तो आत जातो. ही सरळ अतिदक्षता विभागाची गोष्ट. मार लागल्यावर धाप लागणं, ओठ निळसर होणं, थुंकीत रक्त, कातडीखाली दाबल्यावर कुरकुरणं, चक्कर, पोट फुगणं किंवा वाढत जाणारी पोटदुखी, यांतलं एकही दिसलं तर रात्र काढू नये. पासष्टीच्या पुढचे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आणि तीन किंवा जास्त बरगड्या मोडलेले यांनी बरं वाटत असलं तरी तपासून घ्यावंच.

आणि इथे तो उलटा उपचार येतो. मोडलेलं हाड बांधायचं ही आपली सवय. पूर्वी डॉक्टरही छातीला चिकटपट्ट्या गुंडाळत, अजूनही कुणी औषधाच्या दुकानातला रुंद पट्टा आणून आवळतं, कुणी जुन्या लुगड्याचा पट्टा करतं. बांधल्यावर बरं वाटतं हे खरं आहे, कारण छाती हलत नाही. पण छाती हलत नाही म्हणजे फुप्फुसाचा खालचा भाग उघडत नाही. तिथे कफ साचतो, खोकला दुखतो म्हणून माणूस तो दाबून ठेवतो, आणि काही दिवसांत ताप येतो. म्हातारपणी मोडलेल्या बरगडीनं माणूस दगावतो तो बहुतेकदा या न्यूमोनियानं. बरगडीचा तडा सहा आठवड्यांत आपला आपण सांधतो, त्याला आपल्या मदतीची गरज नसते. मदत लागते ती श्वासाला.

म्हणून दुखणं पुरेसं मारणं हा चैनीचा प्रश्न नाही, तो उपचाराचा कणा आहे. गोळी घ्यायची ती खोल श्वास घेता यावा म्हणून. प्रौढ माणसाला पॅरासिटामॉल ५०० ते १,००० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू पिणं होत असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरावं. आयबुप्रोफेन किंवा डाय्क्लोफेनॅक जेवणानंतर, थोडे दिवस, आणि मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर विचारल्याशिवाय नाही. पावसाळ्यात ताप असेल तर या गोळ्यांना हातही लावू नये. डेंग्यू निघाला तर त्या रक्तस्राव वाढवतात. तापात फक्त पॅरासिटामॉल. पहिले दोन दिवस बर्फ पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पुढे हवा तर शेक. चोळणं नको, तेल लावून रगडणं तर मुळीच नको.

पायाळू माणसानं लाथ मारली की उसण जाते अशी आपल्याकडे समजूत आहे. स्नायूची उसण चार-सहा दिवसांत तशीही जाते, म्हणून ही समजूत टिकून राहिली. पण ज्याला उसण म्हटलं ती तडा गेलेली बरगडी असेल, तर त्या हलक्या लाथेनंही तुटकं टोक आत फुप्फुसाला लागू शकतं. वडीलधाऱ्यांचा मान राखून, हे मात्र करू देऊ नये.

रुग्णालयातून येताना अनेकांना तीन कप्प्यांत तीन चेंडू असलेलं प्लास्टिकचं उपकरण देतात. घरी ते कपाटावर जातं, किंवा लोक त्यात फुंकतात. फुंकायचं नाही. ते ओढण्यासाठी आहे. ताठ बसायचं, आधी श्वास सोडून द्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सरबत ओढावं तसा श्वास सावकाश आत ओढायचा. पहिला चेंडू वर येतो तेव्हा हवा सेकंदाला ६०० मिलिलिटर वेगानं आत चाललेली असते, दुसऱ्याला ९००, तिसऱ्याला १,२००. तिन्ही चेंडू झटक्यात उडवणं हा पराक्रम नव्हे. एकच चेंडू तीन ते पाच सेकंद वर तरंगत ठेवणं जास्त कामाचं, कारण फुप्फुसाचे खालचे कोपरे सावकाश भरतात. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये मध्ये थांबून, नाहीतर भोवळ येते. उपकरण नसेल तर नुसते दहा खोल श्वासही चालतात. त्यानंतर घट्ट उशी दुखऱ्या जागेवर दोन्ही हातांनी दाबून धरायची आणि दोन-तीनदा मुद्दाम खोकायचं. पट्टा दिवसभर आवळतो, उशी खोकण्यापुरती. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं हा व्यायाम केला तर खूप सोपा जातो.

झोपताना पाठीशी उशा रचून अर्धवट बसतं निजावं. उठताना सरळ उठू नये. चांगल्या कुशीवर वळावं, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हातांनी रेटून उठावं. आणि तंबाखूचा धूर या सहा आठवड्यांत तरी बंद.

काही दुखण्यांत बरगडी निर्दोष असते, पण आळ तिच्यावर येतो. त्यांत नागीण पहिली. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं निजलेला असतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती घटली की तो जागा होतो आणि बरगडीखालच्या खोबणीतल्या नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. पुरळ उठायच्या आधी दोन-चार दिवस नुसतं दुखतं. हृदय तपासून होतं, पित्ताशय तपासून होतं. खूण एकच: सदऱ्याचं कापड लागलं तरी त्या पट्ट्यात सोसवत नाही. पाठीच्या कण्यापासून छातीच्या मध्यापर्यंत एकाच बाजूला असं जळजळत असेल तर रोज उजेडात कातडी पाहावी. लाल चट्ट्यावर पाण्याचे फोड दिसले की ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू व्हायला हवं. ॲसायक्लोव्हिर असेल तर नेहमीचं प्रमाण ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर ते कमी करतात. हे तीन दिवस गेरू लावण्यात आणि मंत्र घालण्यात जातात याचं मला फार वाईट वाटतं. नागिणीचं डोकं आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो, ही भीती निराधार आहे. नस कण्यापासून मध्यापर्यंतच येते, म्हणून पुरळही मध्यरेषेशी थांबतं. खरी भीती मागे राहणाऱ्या वेदनेची. फोड सुकल्यावरही तीन महिन्यांपुढे आग होत राहू शकते, वय जितकं जास्त तितकी तिची शक्यता जास्त. फोडांवर खपल्या धरेपर्यंत गरोदर बायका आणि कांजिण्या न आलेली मुलं यांना जवळ येऊ देऊ नये. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी लस भारतातही मिळते.

श्वास घेताना टोचतं पण दाबल्यावर कुठेच दुखत नाही, असं असेल तर दुखणं भिंतीच्या आतलं समजावं. ताप आणि खोकल्याबरोबर असेल तर न्यूमोनिया किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा दाह. शस्त्रक्रियेनंतर, लांबच्या प्रवासानंतर किंवा एका पोटरीला सूज असताना एकाएकी धाप लागली तर फुप्फुसात गुठळी, आणि ती १०८ची वेळ. उंच, सडपातळ तरुणाला अचानक एका बाजूला कळ आणि धाप, तर फुप्फुसातून हवा सुटलेली असू शकते. दोन आठवड्यांवरचा खोकला, संध्याकाळचा ताप, उतरतं वजन असेल तर क्षयाची तपासणी, ती सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. क्षय बरगडीतही होतो, न दुखणारी, गरम न लागणारी मऊ सूज घेऊन. रात्री झोपेतून उठवणारं, हलण्या-बसण्याशी संबंध नसलेलं, आठवड्यागणिक वाढत जाणारं हाडाचं दुखणं कधीही अंगावर काढू नये. पूर्वी स्तनाचा, पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) किंवा फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसानं तर मुळीच नाही.

आणि कामावर परतायचं कधी? बैठं काम असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत, गोळी घेऊन. दुचाकी चालवायची ती मान आणि कंबर वळवून मागे पाहता येईल आणि करकचून ब्रेक दाबता येईल तेव्हा. सिलिंडर, भाताचं पोतं, मासेमारीच्या रापणीचा दोर सहा आठवड्यांनंतर, अर्ध्या भारापासून. माडावर चढणाऱ्यानं त्याहूनही थांबावं. तिथे खोडाला मिठी मारून अख्खं अंग छातीवर तोललं जातं आणि वर गेल्यावर कळ आली तर हात सोडवत नाही. दुखणंही एका क्रमानं जातं. आधी बसल्याजागीचं, मग चालतानाचं, मग कूस बदलतानाचं, मग खोकल्याचं. शिंकेची कळ बहुतेकांना सगळ्यांत शेवटपर्यंत पुरते. तोपर्यंत उशी हाताशी असू द्यावी.